विश्लेषण : पुस्तकांचे ऑनलाइन दुकान उघडे राहते कसे?

मोबाइलवर दोन मिनिटांत मागवलेल्या पुस्तकामागे रोजची डागडुजी असते. जिल्ह्याचे नाव बदलले, टपालाचा दर बदलला किंवा ‘ऱ्या’ हे अक्षर दोन पद्धतींनी टाइप झाले तरी दुकान अडखळते. ही देखभाल करते कोण, तिचे पैसे कोण देते आणि ती थांबली तर वाचकाचे काय जाते?

अकोले तालुक्यातल्या एखाद्या गावातून कोणी मोबाइलवर कादंबरी मागवली, असे समजू. पुस्तक निवडले, यूपीआयने पैसे गेले, मेसेज आला. वाचकाच्या दृष्टीने काम संपले. दुकानाच्या दृष्टीने ते इथे सुरू होते आणि पहिलीच अडचण गावाच्या नावाची असते. इंग्रजीत ‘अकोले’ आणि ‘अकोला’ यांच्यात एका अक्षराचा फरक. मराठीत तर विभक्ती लागली की तोही उरत नाही. पार्सल ‘अकोल्याला’ पाठवायचे म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी की विदर्भात, हे त्या शब्दावरून कळणारच नाही. शेवटी निवाडा करतात ते सहा आकडे. विदर्भातल्या अकोला शहराचा पिनकोड ४४४००१, नगर जिल्ह्यातल्या अकोले गावाचा ४२२६०१.

ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी मराठी आणि संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा आणि न लागणारे हस्ताक्षर या तीन कारणांनी चुकणारी पत्रे पोहोचावीत, हा तिचा हेतू. पन्नास वर्षांनंतर पुस्तकांची ऑनलाइन दुकाने त्याच आकड्यांवर चालतात. कर्जतचेही तेच. एक कर्जत रायगडात, दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यात. पिनकोड नसता तर निम्मी पार्सले उलट्या दिशेने गेली असती.

जिल्ह्याचे नाव बदलले की दुकानात काय बदलते?

अहमदनगरचे अहिल्यानगर करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. त्याच्या आदल्या वर्षी औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले होते. सरकारी पाट्या बदलताना सर्वांनी पाहिल्या. ऑनलाइन दुकानात बदलाव्या लागणाऱ्या पाट्या मात्र कोणाला दिसत नाहीत.

पत्ता भरताना खाली उघडणारी जिल्ह्यांची यादी बदलावी लागते. ग्राहकांनी पूर्वी जपून ठेवलेले पत्ते तपासावे लागतात. कुरिअर कंपनीची स्वतःची वेगळी यादी असते. दुकानाने नवे नाव पाठवले आणि कुरिअरच्या यादीत जुनेच असले, तर यंत्रणा सरळ सांगते : या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही. माणूस असता तर त्याने ओळखले असते. शिवाय जुनी बिले जुन्याच नावाने राहिली पाहिजेत, कारण ते हिशेबाचे कागद आहेत. आणि लोक तर दोन्ही नावे बाजूला ठेवून नुसते ‘नगर’ म्हणतात. म्हणजे पुढची कित्येक वर्षे तिन्ही नावे एकच आहेत, हे दुकानाला लक्षात ठेवावे लागणार.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे सगळीकडे ‘अहमदनगर’ शोधून तिथे ‘अहिल्यानगर’ घालणे. पुस्तकांच्या दुकानात हा उपाय घातक आहे. अहमदनगरच्या निजामशाहीवरच्या इतिहासग्रंथाचे नाव असे परस्पर बदलले, तर तो ग्रंथ पुन्हा सापडायचा नाही. पत्त्यातले नाव बदलायचे, शीर्षकातले नाही. शोधताना मात्र दोन्हींना ओळखायचे. एवढा विवेक यंत्राला कोणीतरी बसून शिकवावा लागतो.

त्यात या जिल्ह्याची आणखी एक गंमत. नगर शहराचे पिनकोड ४१४ ने सुरू होतात. पण संगमनेर आणि अकोले ४२२ मध्ये, म्हणजे नाशिकच्या गटात. कोपरगाव ४२३ मध्ये, मालेगावच्या पंगतीला. श्रीरामपूर ४१३ मध्ये. टपालाचे जिल्हे आणि महसुलाचे जिल्हे वेगळे आखलेले आहेत, हे न कळलेल्या प्रोग्रामरने ‘४२२ म्हणजे नाशिक’ असे एका ओळीत लिहून टाकले, की संगमनेरचा वाचक कागदोपत्री नाशिककर होतो. पार्सल बहुधा पोहोचते, कारण पोस्टमन किंवा कुरिअरवाला मुलगा शहाणा असतो. यंत्रणेची चूक माणसाच्या शहाणपणाने झाकली जाते आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

टपालखर्चाचेही तसेच. पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर्ड सेवा टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. छोट्या प्रकाशकांनी ओरड केली. मग १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा आली : तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. म्हणजे सहा महिन्यांत दुकानाला दरांचे कोष्टक दोनदा बदलणे आले. त्यासाठी प्रत्येक पुस्तकाचे वजन नोंदलेले हवे, तेही बांधणीच्या कागदासकट. शिवाय ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. रहस्यकथा यातल्या कोणत्या खणात टाकायची, हेही कोणीतरी ठरवायचे.

सर्व्हर पडतो म्हणजे काय होते?

‘डिजिटल पायाभूत सुविधा’ म्हटले की डोळ्यांपुढे सर्व्हरच्या रांगा येतात. त्या महत्त्वाच्या आहेतच आणि त्यांचा इतिहास पुस्तकांच्याच दुकानातून सुरू होतो. अमेझॉनने जुलै १९९५ मध्ये फक्त पुस्तके विकायला सुरुवात केली. २००४ च्या नाताळच्या गर्दीत त्यांची यंत्रणा अडखळली. त्यातून शिकून त्यांनी ‘डायनॅमो’ नावाची साठवणुकीची नवी रचना केली आणि २००७ मध्ये तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला विचार दुकानदाराचा आहे. काहीही बिघडले तरी ग्राहकाला पिशवीत वस्तू टाकता आली पाहिजे. त्याची किंमत म्हणून कधीकधी काढून टाकलेली वस्तू पिशवीत पुन्हा दिसली तरी चालेल, पण गिऱ्हाईक परत जाता कामा नये. पुढे त्याच कंपनीने जुने भाड्याचे डेटाबेस सोडून आपले नवे वापरायला घेतले, तेव्हा सुमारे साडेसात हजार डेटाबेस आणि ७५ पेटाबाइट माहिती हलवावी लागली. हे काम २०१९ मध्ये संपले. बाहेरून पाहणाऱ्याला दुकानात काहीच बदललेले दिसले नाही. चांगल्या देखभालीची हीच अडचण आहे. ती यशस्वी झाली की दाखवायला काही उरत नाही.

फ्लिपकार्टही २००७ मध्ये बेंगळुरूत पुस्तकांपासूनच सुरू झाले. ६ ऑक्टोबर २०१४ च्या मोठ्या विक्रीच्या दिवशी गर्दीने त्यांचे संकेतस्थळ कोलमडले आणि दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची माफी मागितली. तेव्हा ही कंपनी छोटी नव्हती.

मराठी पुस्तकांच्या दुकानाला अशी गर्दी दिवाळी अंकांच्या दिवसांत होते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केलेली ही परंपरा आता ऑनलाइन संचांच्या आगाऊ नोंदणीपर्यंत आली आहे. वर्षातले काही आठवडे चौपट सर्व्हर लागतात आणि उरलेले महिने ते रिकामे बसतात. पूर्वी यासाठी यंत्रे विकतच घ्यावी लागत. आता ती क्लाउडवर तासाच्या भाड्याने मिळतात. अमेझॉनचे मुंबईतले केंद्र २०१६ पासून चालू आहे. त्यामुळे सर्व्हरचा प्रश्न छोट्या दुकानापुरता बऱ्यापैकी सुटला आहे. पैसे मोजले की तो सुटतो. पुढचे प्रश्न तसे सुटत नाहीत.

एक गोष्ट मात्र इथेच नोंदवायला हवी. पुण्यातल्या कार्यालयात, फायबरच्या जोडणीवर झटकन उघडणारे पान भंडारदऱ्याच्या बाजूला, डोंगराआड, नेटवर्कची एखादी दांडी असताना उघडेल का? मुखपृष्ठांची जड चित्रे हलकी करून ठेवणे हे कंटाळवाणे काम आहे आणि नवीन पुस्तक आले की ते पुन्हा करावे लागते. ज्याच्या गावात पुस्तकांचे दुकान नाही, तोच वाचक बहुतेक वेळा कमजोर नेटवर्कवर असतो. पान उघडले नाही तर तो तक्रार करत नाही. दुसरे काहीतरी पाहू लागतो.

‘वाऱ्यावरची वरात’ सापडत का नाही?

मराठी दुकानाची खरी परीक्षा शोधाच्या चौकटीत होते. ‘वाऱ्यावरची वरात’ हे शीर्षक टाइप करा. त्यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन पद्धतींनी लिहिता येतो. एका पद्धतीत त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. नोंद एका पद्धतीने झाली आणि वाचकाच्या कीबोर्डने दुसरी वापरली, की दुकान सांगते : पुस्तक सापडले नाही. ‘ॲ’चेही तसेच, तो एका अक्षरानेही होतो आणि ‘अ’वर चंद्र ठेवूनही होतो.

मग येतात नावे. ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल.देशपांडे’, ‘पुलं’ आणि इंग्रजीतली चार स्पेलिंगे. ग्रेस आणि माणिक गोडघाटे एकच. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर एकच. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकरही एकच, पण कविता एका नावाने, नाटके दुसऱ्या. ही माहिती मराठी वाचकाला पाठ असते. यंत्राला ती एकेक ओळ करून सांगावी लागते आणि सांगणारा माणूस वाचणारा असावा लागतो. फक्त संगणक येऊन भागत नाही.

यापेक्षा जुना घोळ फाँटचा. मराठी प्रकाशनव्यवसाय संगणकावर आला तो श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींवर. त्यांनी मराठी छपाई तगवली, हे विसरता कामा नये. पण त्या काळातल्या फायलींतला मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. अशा फाइलमधला मलपृष्ठाचा मजकूर उचलून संकेतस्थळावर चिकटवला, तर अक्षरांऐवजी रोमन चिन्हांची खिचडी दिसते. ती बदलणारी साधने आहेत. पण जोडाक्षरे आणि रफार हमखास कुठेतरी तुटतात. मग कोणीतरी पुस्तक हातात धरून ओळ न् ओळ ताडून पाहते. दुकानात काही हजार पुस्तके असली तर हे काम कधी संपत नाही, कारण नवी पुस्तके येत राहतात.

आवृत्त्यांचा गुंता तर याच जिल्ह्यातल्या दोन ग्रंथांवरून समजावा. नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगून पूर्ण झाली. आज तिच्या साखरे महाराजांची, राजवाडे यांची, सोनोपंत दांडेकरांची, शासनाची अशा कितीतरी प्रती आहेत. सार्थ, मूळ, पारायणाची, खिशात मावणारी, मोठ्या टाइपाची. वाचकाला ‘ज्ञानेश्वरी’ हवी असते. पण वारकऱ्याला हवी ती आणि अभ्यासकाला हवी ती एक नसते. दुकानाने सगळ्या एकाच नोंदीत कोंबल्या तर भलतीच प्रत घरी जाते. प्रत्येकीला वेगळे पान दिले तर वाचक पहिल्या पानावरच गोंधळतो. पाठांची सरमिसळ झाली म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेही देखभालीचेच काम होते, ग्रंथ लिहून झाल्यावर जवळजवळ तीनशे वर्षांनी केलेले.

दुसरा ग्रंथ नगरच्या भुईकोट किल्ल्यातला. १९४२ च्या ऑगस्टपासून तिथे कैदेत असलेल्या जवाहरलाल नेहरूंनी १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. नेहरूंचे निधन १९६४ चे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून हे पुस्तक कोणीही छापू शकतो. अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा वेगळा असतो आणि त्याची साठ वर्षे वेगळी मोजायची. दुकानापुढे आता एकाच शीर्षकाची स्वस्त, महाग, नीट छापलेली आणि भराभर स्कॅन करून काढलेली पुस्तके येतात. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’बाबत हे २०११ पासूनच झाले आहे. कोणती प्रत पूर्ण आहे, कोणती संक्षिप्त, हे नोंदीत लिहिणे हे दुकानदाराचे काम. आप्पा बळवंत चौकातला विक्रेता ते तोंडी सांगायचा.

‘उपलब्ध’ या शब्दाचा अर्थ

वाचक सर्वांत जास्त चिडतो तो वेगळ्याच कारणाने. पुस्तक ‘उपलब्ध’ दिसते, पैसे जातात आणि चार दिवसांनी निरोप येतो की आवृत्ती संपली. यात लबाडी क्वचितच असते. सगळी पुस्तके दुकानाच्या गोदामात नसतात. बरीचशी प्रकाशकाकडे किंवा वितरकाकडे असतात. तिथला साठा अनेकदा वहीत किंवा बिलाच्या जुन्या प्रोग्राममध्ये असतो आणि संकेतस्थळावरचा आकडा त्याच्या मागे चालतो. मराठी आवृत्त्या छोट्या असतात. शेवटच्या पाच प्रती एखाद्या ग्रंथप्रदर्शनात विकल्या गेल्या, तर ऑनलाइन दुकानाला ते कोण कळवणार?

किमतीचेही असेच होते. पुनर्मुद्रणात मजकूर तोच राहिला तर आयएसबीएन तोच राहू शकतो. किंमत मात्र वाढते. संकेतस्थळावर जुनी किंमत राहिली तर फरक दुकानाच्या खिशातून जातो. आणि आयएसबीएनची पद्धत १९७० नंतरची, त्यामुळे जुन्या पुस्तकांना तो आकडाच नाही. अशा पुस्तकाची ओळख काय? शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष. त्यातले एक जरी चुकले तरी ते दुसरेच पुस्तक होते.

विकत घेतलेले ई-पुस्तक कोणाचे?

छापील पुस्तक पोहोचले की दुकानाची जबाबदारी संपते. ई-पुस्तकाची संपत नाही. ते दुकान जगेल तितकेच जगते. भारतातलाच अनुभव पाहा. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ई-पुस्तके विकायला सुरुवात केली आणि २०१५ च्या अखेरीस तो विभाग बंद केला. ग्राहकांची पुस्तके कोबो या परदेशी सेवेकडे हलवण्याची सोय करण्यात आली. मायक्रोसॉफ्टचे ई-पुस्तकांचे दुकान २०१९ मध्ये बंद झाले, तेव्हा जुलैत ग्राहकांची पुस्तके उघडायचीच थांबली. पैसे परत मिळाले; समासात केलेल्या खुणा परत मिळाल्या नाहीत. २००९ मध्ये अमेझॉनने हक्काच्या वादातून काही ग्राहकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तके परस्पर काढून घेतली. त्यात जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ होती. हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर अतिशयोक्त वाटला असता. याच कंपनीने किंडल पुस्तक संगणकावर उतरवून घेण्याची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली.

किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरपासून अधिकृतपणे आली. पुण्याच्या बुकगंगासारख्या मराठी दुकानांनीही स्वतःच्या ॲपवर मराठी ई-पुस्तके उपलब्ध केली. ती परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना फार सोयीची, कारण परदेशी पार्सलाचा खर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो. पण प्रत्येक ॲपला अँड्रॉइडच्या आणि आयफोनच्या नव्या आवृत्तीबरोबर धावावे लागते. एक वर्ष दुर्लक्ष झाले की ॲप नव्या फोनवर चालत नाही आणि त्याच्या आतली पुस्तके कुलूपबंद होतात. कोणी ती चोरलेली नसतात, जाळलेली नसतात. फक्त दार उघडणारे कोणी उरलेले नसते.

नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ चे. तिथल्या जुन्या पुस्तकाला कसर लागू शकते, पाने सुटू शकतात. पण उघडण्यासाठी कोणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. ई-पुस्तकांना विरोध करण्याचे हे कारण नव्हे. पण ‘विकत घ्या’ असे लिहिलेल्या बटणाखाली प्रत्यक्षात वाचण्याचा परवाना मिळतो, हे वाचकाला ठळक मराठीत सांगितले पाहिजे. आणि दुकान बंद करायची वेळ आली तर पुस्तकांचे काय करणार, हेही आधीच लिहून ठेवले पाहिजे. छोट्या दुकानाकडून एवढ्याची अपेक्षा करणे रास्त आहे, कारण याला पैसे लागत नाहीत.

कुलपे आणि किल्ल्या

सुरक्षेची कामे थोडक्यात सांगता येतील, पण टाळता येणार नाहीत. पत्त्याच्या चौकटीजवळ दिसणारे कुलूप एका प्रमाणपत्रावर चालते आणि त्याची मुदत आवळत चालली आहे. मार्च २०२६ पूर्वी ते जास्तीत जास्त ३९८ दिवसांचे असे. मार्च २०२६ पासून २०० दिवस, पुढच्या वर्षी १०० आणि २०२९ पर्यंत ४७ दिवस असे वेळापत्रक जागतिक संघटनेने मंजूर केले आहे. ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक दुकानाने साठवायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाला, तेव्हा पैसे घेण्याची यंत्रणा अनेकांना नव्याने बांधावी लागली.

दुर्लक्षाची किंमत किती मोठी असते, हे ब्रिटिश लायब्ररीने पाहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडणीखोर हॅकरांनी तिच्या यंत्रणेला टाळे लावले. जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथसंग्रहांपैकी एकाची ऑनलाइन सूची जानेवारी २०२४ पर्यंत दिसत नव्हती. पुढे संस्थेने स्वतःच अहवाल काढला आणि सुधारणा न झालेल्या जुन्या यंत्रणांमुळे सावरायला वेळ लागला, हे मान्य केले. पुस्तके कपाटात होती, पण कोणते पुस्तक कुठे आहे हे सांगणारी यादी गेली होती. त्यामुळे बॅकअप घेतला का, एवढे विचारून भागत नाही. बॅकअपवरून दुकान पुन्हा उभे करून शेवटचे कधी पाहिले, असे विचारावे.

पैसे कोणी द्यायचे?

आता मूळ प्रश्न. वर सांगितलेल्या कामांपैकी पुस्तकाच्या बिलावर एकही दिसत नाही. बिलावर दिसते ती सवलत. ऑनलाइन म्हणजे स्वस्त, ही सवय बड्या कंपन्यांनी लावली. त्यांना इतर व्यवसायांतला नफा इकडे वळवता येतो. फक्त पुस्तकांवर जगणाऱ्या मराठी दुकानाला प्रकाशकाकडून मिळणाऱ्या कमिशनमधूनच वाचकाची सवलत, कुरिअर, पैसे घेण्याचे शुल्क, सर्व्हरचे भाडे आणि नोंदी करणाऱ्या माणसांचे पगार काढावे लागतात. कात्री लागते ती शेवटच्या दोघांना, कारण त्यांची कमतरता लगेच दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी दिसते, तेव्हा शोध चालत नसतो, साठा खोटा असतो आणि वाचक निघून गेलेला असतो.

बड्या कंपन्यांवर सगळे सोडून द्यावे, असे म्हणणारे आहेत. त्यांचे सर्व्हर खरोखर भक्कम आहेत. पण ज्ञानेश्वरीच्या प्रतींमधला फरक नीट नोंदवण्यात किंवा ‘ऱ्या’चे दोन्ही प्रकार एक मानण्यात त्यांना किती रस असणार? मराठी पुस्तके ही त्यांच्या दुकानातली एक फार लहान फळी आहे. ही फळी झाडून-पुसून ठेवण्याचे काम मराठी माणसांनीच करायचे आहे.

त्यातले बरेच काम आज प्रत्येक दुकान स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा करते. तेच पुस्तक, तेच मुखपृष्ठ, तेच वजन दहा ठिकाणी दहा माणसे टाइप करतात आणि दहा प्रकारे चुकतात. प्रकाशकाने पुस्तक छापायला देतानाच शीर्षक, लेखकाची नावे, आवृत्ती, पृष्ठसंख्या, वजन, किंमत आणि मलपृष्ठाचा मजकूर युनिकोडमध्ये एका फाइलमध्ये दिला, तर यातला मोठा भाग संपतो. बहुतेक प्रकाशकांकडे ही माहिती असतेच. ती मुखपृष्ठाच्या चित्रात अडकलेली असते.

दुसरे काम सरकारचे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने संमेलने, पुरस्कार, भवने यांची चर्चा होते. मराठी पुस्तकांची एक सामाईक, मोफत, कोणत्याही दुकानाला आणि ग्रंथालयाला वापरता येईल अशी सूची मात्र या चर्चेत क्वचित येते. ती एकदा तयार करून उद्घाटन करायची गोष्ट नाही. दरवर्षी तिच्यासाठी माणसे आणि तरतूद लागेल. बहुधा म्हणूनच ती मागे पडते. फीत कापायला नवी इमारत लागते. जुन्या नोंदीतली चूक दुरुस्त केल्याचा समारंभ होत नाही.

आणि वाचक? टपालखर्च वेगळा लावणारे दुकान लुटते आहे, असे लगेच मानू नये. संगमनेरला किंवा जामखेडला पुस्तक पोहोचवायला पैसे लागतात आणि ते कुठूनतरी येतातच. पत्ता भरताना पिनकोड नीट तपासावा. नोंदीत चूक दिसली, लेखकाचे नाव चुकलेले किंवा भलतेच मुखपृष्ठ लागलेले असले, तर दुकानाला दोन ओळी लिहून कळवावे. एखादी चूक वर्षभर तशीच राहते, त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते की ती पाहिलेल्या कोणीही कळवलेली नसते.